ऑन-कॉलचे तास मोजा आणि त्यांचा दर ठरवा

अनेक उपजिल्हा रुग्णालयांत भूलतज्ज्ञ एकच असतो. सकाळच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया आटोपून तो घरी जातो, पण गाव सोडू शकत नाही. रात्री दीड वाजता अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन आला तर अर्ध्या तासात त्याने थिएटरमध्ये उभे असायला हवे. फोन नाही आला तरी मोबाइल बंद ठेवायचा नाही, नात्यातल्या लग्नाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे नाही, मुलांना घेऊन दोन तासांच्या अंतरावर फिरायला जायचे नाही. असे महिन्याचे तीसही दिवस. बोलावणे येईल म्हणून बांधलेले हे ऑन-कॉलचे तास हजेरीपटावर कुठे दिसत नाहीत आणि वेतन देयकात तर त्यांना रकानाच नाही. तेच पद रिकामे असेल, तर मात्र गावातल्या खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे पैसे मोजून बोलावता येते. जननी सुरक्षा योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत सिझेरियनसाठी बाहेरचा तज्ज्ञ आणायला केसमागे १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद होती. रात्रीच्या बोलावण्याला किंमत असते हे शासनाला मान्य आहे. फक्त स्वतःच्या माणसाच्या बाबतीत ती शून्य धरली जाते.

ही शून्य किंमत बदलली पाहिजे, असे आमचे मत आहे. मात्र ‘सर्वांना ओव्हरटाइम द्या’ ही सरसकट मागणी आम्ही करत नाही, कारण तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिली, पाळी संपल्यावरही त्याच जागी थांबून केलेले जादा काम. दुसरी, घरी गेलेल्या माणसाला परत बोलावून करून घेतलेले काम. तिसरी, बोलावणे येईल म्हणून बांधून घातलेला वेळ, ज्यात काम असेलच असे नाही. या तिन्हींचा भार वेगळा, त्यामुळे दरही वेगळा हवा. आपल्याकडे पहिल्या प्रकाराबद्दल थोडे नियम आहेत, दुसऱ्याबद्दल तुरळक आणि तिसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. सर्वाधिक तास मात्र तिसऱ्या प्रकारातच जातात.

आधी कायद्याची स्थिती. केंद्राच्या मूलभूत नियमांतला अकरावा नियम सांगतो की, वेगळी स्पष्ट तरतूद नसेल तर सरकारी सेवकाचा संपूर्ण वेळ शासनाच्या स्वाधीन असतो आणि जादा मोबदल्याचा दावा न करता त्याला कोणत्याही कामावर लावता येते. पोलिसांच्या बाबतीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम २८ आणखी पुढे जाते: पोलीस नेहमीच कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागत असे. नोटा, मुद्रांक आणि नाणी तयार करणाऱ्या केंद्रीय महामंडळातल्या पर्यवेक्षकांनी हा दुप्पट दर मागितला. मुंबई उच्च न्यायालयातून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाचे म्हणणे असे की, सरकारी सेवकाला कारखान्यातल्या कामगाराला नसलेले अनेक लाभ मिळतात, वेतन आयोगामुळे त्याचे वेतन वेळोवेळी सुधारते, त्याचा वेळ शासनाच्या स्वाधीन असतो. त्यामुळे नियमात नसलेला दुप्पट भत्ता तो हक्क म्हणून मागू शकत नाही.

या निकालानंतर विषय संपला असे मानणारे अधिकारी भेटतात. निकाल आम्हाला तसा वाटत नाही. न्यायालयाने सांगितले ते एवढेच, की नियम नसताना दावा टिकत नाही. जादा तासांचा मोबदला देऊ नये, असे ते म्हणाले नाही. अकराव्या नियमाच्या सुरुवातीलाच ‘वेगळी स्पष्ट तरतूद नसेल तर’ ही अट आहे, आणि ती तरतूद करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ ने राज्यपालांना, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाला, दिलेला आहे. अनुच्छेद ४२ कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची ठेवायला सांगतो. चेंडू न्यायालयाच्या अंगणात नाही, मंत्रालयात आहे.

नव्या कामगार संहितांनी एक विचित्र फट निर्माण केली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० केंद्र आणि राज्य शासनाच्या कार्यालयांना लागू नाही. पण त्याच कार्यालयात ठेकेदारामार्फत नेमलेला कंत्राटी कामगार असेल तर त्याला ती लागू आहे, आणि तिच्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये संहिता अमलात आल्या. आता एकाच नियंत्रण कक्षात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी कंत्राटी माणसाचा नववा-दहावा तास कायद्याने दुप्पट दराचा आहे आणि कायम कर्मचाऱ्याचा फुकटचा. कंत्राटी माणसाच्या हातात प्रत्यक्षात तो दर पडतो का, हा वेगळा आणि अधिक दुःखद प्रश्न आहे. पण शासन मुख्य मालक असताना कायदा हा फरक करतो, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

केंद्राने या बाबतीत काय केले? सातव्या वेतन आयोगाने अतिकालिक (ओव्हरटाइम) भत्ता बंद करावा अशी शिफारस केली. वैधानिक तरतुदी लागू असलेले औद्योगिक कर्मचारी आणि प्रत्यक्ष यंत्रणा चालवणारे कर्मचारी एवढ्यांचाच अपवाद ठेवला. सरकारने भत्ता सुरू ठेवायचे ठरवले तर दर वाढवावेत, असेही आयोगाने सुचवले होते. जून २०१८ च्या आदेशाने भत्ता बंद झाला, अपवाद राहिले, बायोमेट्रिक हजेरीची अट आली आणि दर वाढले नाहीत. ते १९९१ च्या आदेशातलेच राहिले. एवढ्या जुन्या दराने मिळणारा भत्ता कागदावर असतो, पण वरिष्ठाला जादा तास लावताना विचार करायला तो भाग पाडत नाही. रात्रपाळी भत्त्याचे मात्र २०२० साली नीट सूत्र झाले: रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या प्रत्येक तासाला १० मिनिटांचे वजन, म्हणजे तासामागे १० मिनिटांचे जादा पैसे, आणि तासाचा दर म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले २००. त्यातही ४३,६०० रुपयांपेक्षा जास्त मूळ वेतन असलेल्यांना तो भत्ता नाही. मर्यादेबद्दल मतभेद असू शकतात, पण २०० ने भागण्याचे सूत्र सोपे आहे आणि महागाईबरोबर आपोआप वाढते. राज्यानेही तेच घ्यावे. पुढचे सगळे हिशेब आम्ही त्यावरच केले आहेत.

‘नुसते वाट पाहणे म्हणजे काम नव्हे, मग ते मोजणार कसे?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर भारत सरकारच्याच एका खात्याकडे अनेक दशकांपासून आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये रेल्वेच्या नोकऱ्यांचे वर्गीकरण आहे: अतिश्रमाच्या, सलग आणि मूलतः खंडित, आणि या तिन्हींच्या बाहेर ठेवलेल्या. बारा तासांच्या पाळीत निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ निष्क्रियतेचा असेल, म्हणजे माणूस ड्युटीवर आहे पण त्याला ना शारीरिक हालचाल करावी लागते ना सतत लक्ष द्यावे लागते, तर ती नोकरी मूलतः खंडित. त्यातही निदान एक तासाचा एक किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन सलग निष्क्रिय कालखंड हवेत, आणि ही सरासरी सलग ७२ तासांवर काढायची. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या जागी जाऊन प्रत्येक कृतीला किती मिनिटे लागली ते टिपतात. कायद्यातल्या कमाल मर्यादा त्यानुसार वेगळ्या आहेत: अतिश्रमाच्या कामाला आठवड्याला सरासरी ४५ तास, सलग कामाला ५४, खंडित कामाला ७५. रोस्टरमधल्या तासांपेक्षा जास्त पण वैधानिक मर्यादेच्या आत काम झाले तर दीडपट, मर्यादेपलीकडे दुप्पट.

रेल्वेची पद्धत आदर्श आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. खंडित वर्गातल्या फाटकवाल्याची बारा तासांची पाळी ही थकवणारीच असते. एकदा लावलेले वर्गीकरण गाड्या वाढल्या तरी तसेच राहते आणि नव्या मोजणीसाठी कर्मचाऱ्यांना भांडावे लागते. तरीही वाट पाहण्याचा वेळ मोजता येतो, त्याला वर्ग देता येतो आणि मर्यादेपलीकडे पैसे देता येतात, हे रेल्वेने सिद्ध केले आहे. जी गोष्ट भुसावळ विभागातल्या फाटकावर जमते ती जळगावच्या सामान्य रुग्णालयात का जमू नये?

बाहेरच्या देशांतली तीन उदाहरणे आमच्या प्रस्तावाला उपयोगी आहेत. बेल्जियममधल्या निव्हेल शहराच्या एका अग्निशामकाचे प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. त्याला घरी राहायची मुभा होती, पण बोलावल्यावर ८ मिनिटांत केंद्रावर पोहोचायचे बंधन होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, इतके कडक बंधन असेल तर घरी काढलेला तो वेळही कामाचाच वेळ आहे. यातली कसोटी महत्त्वाची: माणूस कुठे बसला आहे यापेक्षा त्याचा वेळ किती बांधला गेला आहे हे पाहायचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००३ च्या करारात तज्ज्ञ डॉक्टरांना उपलब्धतेचा भत्ता दिला. लगेच रुग्णालयात यावे लागत असेल आणि पाळी दर चौथ्या दिवशी किंवा त्याहून वारंवार येत असेल तर मूळ वेतनाच्या ८ टक्के. फोनवर सल्ला पुरत असेल तर ३ टक्के. पाळी विरळ असेल तर त्याहून कमी. बोलावल्यावर प्रत्यक्ष केलेले काम त्याशिवाय मोजले जाते. अमेरिकेत राज्य आणि स्थानिक शासनांना जादा तासांबद्दल पैशांऐवजी सुटी देता येते, पण एका तासाला दीड तास, आणि साठलेल्या तासांवर मर्यादा: पोलीस व अग्निशमन सेवेला ४८०, इतरांना २४० तास. त्यापुढे रोख पैसेच द्यावे लागतात.

शेवटच्या नियमाचे मोल महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात काम केलेल्या कुणालाही लगेच कळेल. बदली सुट्टी आपल्याकडेही आहे. ती साठते, अर्ज होतो, ‘बंदोबस्तामुळे’ किंवा ‘कामाच्या निकडीमुळे’ नाकारला जातो, आणि वर्ष सरले की हिशेब मिटतो. सुट्टी नाकारण्यासाठी अधिकाऱ्याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ती नाकारली जाते. आमच्या प्रस्तावाचा कणा म्हणून एकच नियम निवडायचा झाला तर तो हा: जादा तासांची सुट्टी ९० दिवसांत मिळाली नाही तर ते तास आपोआप पैशात बदलावेत, कुणाच्याही मंजुरीशिवाय, आणि ती रक्कम सुट्टी नाकारणाऱ्या कार्यालयाच्याच अनुदानातून जावी.

पोलिसांच्या तासांबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध आहे. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने केलेल्या २०१४ च्या अभ्यासात देशभरातल्या पोलीस ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काम करतात, असे आढळले. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात ८ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी मानला गेला आणि इतर ठाण्यांत पसरला. पण आठ तासांची पाळी कुठे फाटते हे ठाण्यातल्या लोकांना पाठ आहे. गणेशोत्सव, आंबेडकर जयंती, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा असला की तीन पाळ्यांच्या दोन होतात. रात्रपाळी करून सकाळी ८ ला सुटलेल्या अंमलदाराला ११ वाजता न्यायालयात साक्षीला उभे राहावे लागते. तो वेळ कोणत्याच पाळीत धरला जात नाही. आरोपीला वैद्यकीय तपासणीला नेणारा अंमलदार रुग्णालयातल्या रांगेत चार तास उभा असतो आणि पाळी बदलायला माणूस नसतो. म्हणजे पाळी कागदावर आखून तास कमी होत नाहीत. जादा तासाला कुठेतरी किंमत मोजावी लागली तरच न्यायालय, रुग्णालय आणि पोलीस ठाणे आपापसांत वेळा जुळवण्याची तसदी घेतील.

आता आकडे. हिशेबासाठी ३०,००० रुपये मूळ वेतनाचा पोलीस अंमलदार धरू आणि महागाई भत्ता ५० टक्के. महिन्याचे ४५,००० भागिले २०० म्हणजे तासाला २२५ रुपये. तो आठऐवजी बारा तास आणि महिन्याला २६ दिवस काम करत असेल तर जादा तास १०४. साध्या दराने २३,४०० रुपये, दुप्पट दराने ४६,८००. अर्थ विभागाचा माणूस इथे हात वर करेल: हे परवडणारच नाही. त्याचे बरोबर आहे, आणि आमचा मुद्दाही तोच आहे. अंमलदाराच्या वेतनश्रेणीची सुरुवात २१,७०० रुपयांपासून होते. त्याच महागाई भत्त्यासह ३२,५५०. घरभाडे, निवृत्तिवेतनातला शासनाचा हिस्सा, प्रशिक्षण, गणवेश हे सगळे त्यावर येईल हे मान्य. तरी १०४ तासांसाठी दुप्पट दराने ४६,८०० देण्यापेक्षा २०८ तास देणारा नवा माणूस भरणे परवडते. आज हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण जादा १०४ तासांचा खर्च शून्य दिसतो. शून्याशी स्पर्धा करून कोणतेही नवे पद जिंकू शकत नाही. रिक्त पदे वर्षानुवर्षे रिक्त राहण्याची कारणे अनेक आहेत, पण फुकटचे तास हे त्यातले मोठे आणि कमी बोलले जाणारे कारण आहे.

ऑन-कॉलचा हिशेब वेगळा. भूलतज्ज्ञाचे मूळ वेतन ६०,००० धरले तर महागाई भत्त्यासह ९०,००० आणि तासाचा दर ४५०. वाट पाहण्याच्या तासाला या दराचा दहावा हिस्सा, ४५ रुपये, असे आम्ही सुचवतो. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ असे १४ तास. रविवार-सुट्टीचे दिवस तूर्त सोडून देऊ. दर चौथ्या रात्री पाळी आली तर महिन्याला १०५ तास, ४,७२५ रुपये. हे मूळ वेतनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे ब्रिटनच्या दराला धरूनच आहे. पण तीसही रात्री एकच माणूस असेल तर ४२० तास होतात आणि १८,९०० रुपये. शिवाय दहा वेळा बोलावणे आले आणि प्रत्येक बोलावण्याला किमान दोन तास धरले तर २० तासांचे ९,०००. एकूण २७,९००. आम्ही टक्केवारीऐवजी तासाचा दर का घेतला हे यावरून दिसेल. ब्रिटनसारखी टक्केवारी ठरवली की पाळी दर चौथ्या रात्रीपेक्षा कितीही वारंवार लागली तरी भत्ता वाढत नाही. तासाच्या दरात एकट्यावर टाकलेला सगळा भार दर महिन्याच्या देयकात दिसतो, आणि सलग सहा महिने तो आकडा आला की दुसरा भूलतज्ज्ञ किंवा शेजारच्या रुग्णालयाशी पाळीची वाटणी, यांपैकी एक करावेच लागते.

किमान दोन तास धरण्याचे कारण साधे आहे. बोलावणे चाळीस मिनिटांत आटोपले तरी झोप मोडलेली असते, जाण्या-येण्यात तास गेलेला असतो. मोजणी घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंत व्हावी. आणि वाट पाहण्याचा दर कुणाला? ज्याला ठरलेल्या मिनिटांत ठरलेल्या जागी पोहोचायचे लेखी बंधन आहे, त्यालाच. तीस मिनिटांच्या आतले बंधन असेल तर पूर्ण दहावा हिस्सा, दोन तासांच्या आतले असेल तर विसावा. आठ-दहा मिनिटांचे बंधन असेल, किंवा रुग्णालयाच्या आवारातच थांबावे लागत असेल, तर ते ऑन-कॉल नव्हे. ती ड्युटीच धरावी. रात्री अकराला व्हॉट्सअॅप गटावर ‘माहिती तात्काळ सादर करा’ असा संदेश टाकून कुणालाही ऑन-कॉल ठरवता येणार नाही. ज्याचे नाव त्या दिवसाच्या पाळीपत्रकात नाही त्याच्यावर उत्तर देण्याचे बंधन नसावे. पावसाळ्यात १ जूनपासून चालणारे तहसील आणि जिल्हा नियंत्रण कक्ष, धरणाच्या दरवाज्यांवरचे कर्मचारी, रात्रीच्या शवविच्छेदनासाठी बोलावले जाणारे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस यांना हे तसेच लागू पडते. सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. नातेवाइकांसाठी ते चांगलेच झाले, पण रात्रीच्या या नव्या कामासाठी माणसांचे तास कुठून येणार, याकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे.

सर्वांत गंभीर आक्षेप गैरवापराचा आहे. दिवसा काम लांबवून संध्याकाळी ओव्हरटाइम लावणे, मर्जीतल्या दोघा-तिघांची नावेच दर वेळी यादीत येणे, न झालेल्या तासांची खोटी देयके, हे सगळे घडते. ज्या संवर्गांना आज अतिकालिक भत्ता मिळतो तिथे या तक्रारी ऐकू येतात आणि त्या झटकून टाकण्यासारख्या नाहीत. पण उपाय नोंदींत आहे, आणि नोंदी नव्याने निर्माण करायला नकोत. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते; कोण केव्हा रवाना झाला आणि केव्हा परतला याची नोंद तिथे वेळेसह व्हायलाच हवी. रुग्णालयात कॉल बुक असते, ज्यात बोलावल्याची वेळ आणि डॉक्टर पोहोचल्याची वेळ लिहिली जाते, आणि थिएटरच्या नोंदवहीत भूल दिल्याची वेळ असते. सरकारी वाहनाचे लॉगबुक असते. यांपैकी दोन स्वतंत्र नोंदी जुळल्या तरच तास ग्राह्य, एकट्या वरिष्ठाच्या सहीवर नाही. महिन्याचे तास ठाण्यात आणि रुग्णालयात फलकावर लावावेत. सहकारी आपल्या शेजाऱ्याच्या खोट्या तासांवर लेखापरीक्षकापेक्षा चांगली नजर ठेवतात. देयक सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतूनच निघावे म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे वेगळी फाइल फिरत राहणार नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात ‘अतिकालिक भत्ता’ हे उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे खर्चाचा वेगळा रकाना, आजही आहे. त्यात ऑन-कॉलसाठी वेगळे उपशीर्ष उघडले की विधानमंडळाला दरवर्षी विभागवार आकडा दिसेल.

‘सेवेला पैशात मोजू नका’ असेही काही निवृत्त अधिकारी मनापासून म्हणतात. त्यांचा आदर ठेवून सांगावेसे वाटते की शासन स्वतः तसे मोजतेच. मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला मानधन मिळते. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे वार्षिक मानधन निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ६,००० वरून १२,००० रुपये केले. डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता मिळतो, केंद्रात मूळ वेतनाच्या २० टक्के. पण तो खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल असतो, रात्र जागण्याबद्दल नाही, आणि महिनाभर एकही पाळी न लागलेल्यालाही तितकाच मिळतो. ऑन-कॉलची मागणी आली की या भत्त्याकडे बोट दाखवणे म्हणूनच चुकीचे आहे.

पैसे दिले म्हणून कितीही तास लावता येतील, असा अर्थ मात्र होता कामा नये. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. ते इतके मोडले गेले की २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. ४८ वरून ७४ ही सुधारणा म्हणून मांडावी लागते, यातच सगळे आले. आमच्या मते रोख मोबदल्याच्या जादा तासांना तीन महिन्यांत १२५ ची मर्यादा असावी, दोन ड्युटींमध्ये किमान ११ तासांची विश्रांती असावी, आणि रात्री बोलावणे आल्यामुळे ती तुटली तर दुसऱ्या दिवशीची हजेरी तेवढी उशिरा सुरू व्हावी. चौतीस तास जागा असलेला माणूस रुग्णाला भूल देतो किंवा भरलेले पिस्तूल कमरेला लावून बंदोबस्तात उभा राहतो, तेव्हा धोका त्याच्यापुरता राहत नाही.

कुणाला काय, हेही स्पष्ट असावे. गट क आणि गट ड च्या कर्मचाऱ्यांना, आणि गट ब मधल्या अराजपत्रितांना, जादा तासांबद्दल आधी दीडपट सुट्टी आणि ती ९० दिवसांत न मिळाल्यास रोख. राजपत्रित अधिकाऱ्यांना जादा तासांचे पैसे नकोत. कामाचे तास ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच हातात असतो, आणि ज्याच्या हातात तास आहेत त्यालाच त्यांचे पैसे मिळाले तर तास वाढतात. वाट पाहण्याचा आणि बोलावल्याचा मोबदला मात्र राजपत्रित असो वा नसो, पाळीपत्रकात नाव असलेल्या प्रत्येकाला. हा भेद पाळला नाही तर योजना अधिकाऱ्यांसाठी होईल आणि शिपाई, परिचारिका, वॉर्डबॉय, अंमलदार नेहमीप्रमाणे मागे राहतील.

सुरुवात मोजणीपासून व्हावी. तीन महिने, एक रुपयाही न वाटता, राज्यातल्या प्रत्येक महसुली विभागातली दोन उपजिल्हा रुग्णालये, दोन पोलीस ठाणी आणि एक जिल्हा नियंत्रण कक्ष घ्यावेत. हे तीन महिने पावसाळ्यातले असावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याचे तीन प्रकारचे तास वेगळे नोंदवावेत, रेल्वेप्रमाणे सलग ७२ तासांची प्रत्यक्ष पाहणी निदान एकदा व्हावी, आणि आकडे विभागवार, पदनिहाय, नावे वगळून प्रसिद्ध करावेत. मोजणी सामान्य प्रशासन विभागाने स्वतः न करता अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे द्यावी, कारण तास लपवण्यात ज्यांचे हित आहे त्यांनीच ते मोजू नयेत. हे आकडे हाती आले की दहावा हिस्सा द्यायचा की बारावा, दोन तास धरायचे की दीड, यावर कर्मचारी संघटना आणि अर्थ विभाग समोरासमोर बसून भांडू शकतील.